पंचफुलाचं आमेन

त्या रविवारी आमेनला शेपूट आलं नाही.

आता ज्यानं ते शेपूट कधी ऐकलंच नाही त्याला यात काय मोठंसं वाटणार! पण वर्ध्याच्या स्टेशनामागल्या त्या कौलारू चर्चमध्ये प्रार्थना संपली की आमेन दोनदा व्हायचं. एकदा साऱ्या मंडळीचं, रेल्वेवाले, दवाखान्यातल्या नर्सबाया, पोट्टेपोट्टी सगळ्यांचं मिळून. आणि ते विरतं न विरतं तोच मागल्या चटईवरून, बायकांच्या बाजूनं, एकट्या गळ्याचं, उशिरा आणि खणखणीत. ते पंचफुलाचं. पंचफुला यायची सेलूच्या पलीकडून, बोरच्या जंगलाला टेकलेल्या गोंडांच्या टोल्यावरून, त्या लहानशा वस्तीवरून. नवऱ्यासोबत, जंगलूसोबत, अंधारात पायी निघून आणि मग एसटीनं. टोल्यावरची थोडी घरं जंगलूच्या बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. पंचफुला लग्न होऊन नवीन आली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं होतं की आमेन म्हणणं म्हणजे देवाला सांगणं, हाव, माझंही हेच म्हणणं आहे. तिनं ते फारच मनावर घेतलं. सगळ्यांच्या गलक्यात आपलं देवाला कसं ऐकू जाणार, म्हणून ती थांबायची, गलका सरू द्यायची आणि मग आपलं वेगळं म्हणायची. पोट्टे तोंडावर हात ठेवून खुसखुसायचे. पाळकसाहेबांनी एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं, "बाई, मंडळीसोबत म्हणावं." ती "हाव जी" म्हणाली आणि पुढल्या रविवारी पुन्हा मागे राहिली. शेवटी मंडळीनंच तिच्यासाठी थांबायची सवय लावून घेतली. शांतवन मास्तर तर पुढचं गीत पुकारायच्या आधी तेवढा श्वास राखूनच ठेवत.

त्या रविवारीही त्यांनी तो राखला होता. डोळे मिटलेले, दोन्ही हात व्यासपीठाच्या कडेवर. पाळकसाहेब हिंगणघाटला राहत, महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी मंडळीतले वडीलधारे म्हणून उपासना चालवायची ती मास्तरांनी. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना नुकतीच संपली होती. तीच ती, मास्तरांना त्यांच्या बापाकडून मिळालेली, तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालेली: हे प्रभू, राष्ट्रपतींना आणि ज्यांना तू आमच्यावर अधिकारी नेमलं आहेस त्या सर्वांना सुबुद्धी दे, त्यांच्या हातून न्याय घडू दे आणि त्यांच्या आज्ञेत आम्हांला स्वस्थपणे राहू दे. मंडळी म्हणाली, आमेन. मास्तर थांबले. पेटीवाल्यानं भाता ओढून धरला होता तो तसाच राहिला. कोणीतरी उगाच खोकलं. मास्तरांनी डोळे उघडले तर पंचफुला आपल्या जागेवर होती, डोक्यावरून पदर, तोंड मिटलेलं. रागावलेली वगैरे काही दिसत नव्हती. मास्तरांकडे बघतसुद्धा नव्हती. ती चटईच्या एका सुटलेल्या काडीकडे बघत होती, आणि पुरुषांच्या बाजूला जंगलूची जागा रिकामी होती. मास्तरांनी गीताचा आकडा चुकीचा पुकारला, पेटीवाल्यानं एक धरलं, मंडळीनं दुसरं, आणि सगळ्यांना हसू फुटलं. मास्तरही हसले. हसता हसता त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

उपासना सुटल्यावर दारात उभं राहून प्रत्येकाला सलाम करायचा रिवाज. पंचफुलानं "सलाम मास्तर" म्हटलं आणि ती पुढे गेली. मास्तर घराकडे निघाले. कापसाचे दिवस होते, जिनिंगच्या फाटकासमोर बैलबंड्यांची रांग लागली होती, रस्त्याकाठच्या निंबांना कापसाचे पुंजके लटकले होते. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण. पानठेल्यावर माणसं उभी होती, पण ती क्रिकेटचं बोलत होती आणि तेही हळू आवाजात. सालभरापासून हे असंच होतं. आणीबाणी लागली तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, बरं झालं, गाड्या वेळेवर येतात, साहेब लोक कचेरीत बसतात. मग शाळेतल्या एका मास्तराला सकाळी घरून नेलं. त्याच्या तासाला पोरांना कवायत द्यायला सांगण्यात आलं आणि ती शांतवन मास्तरांनी दिली. एक, दोन, एक, दोन. त्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाला काही विचारलं नाही. दिवस वाईट आले, एवढं म्हणायचं आणि चहा प्यायचा. ते वाक्य बोलायला सोपं होतं. पावसाबद्दल बोलावं तसं. जणू दिवस आपोआपच वाईट होतात, त्यात कोणाचा हात नसतो.

पंचफुलानं आमेन काऊन नाही म्हटलं, हे मास्तरांना कोणाला विचारायची गरज नव्हती. हेच तर त्यांच्या जिवाला लागलं. दिवाळी झाल्यावर ओमप्रकाश त्यांच्याकडे आला होता. त्यांचाच जुना विद्यार्थी, बापाचं कापडाचं दुकान सोडून तहसील कचेरीत लागलेला. "मास्तर, गरिबांले कांबळं वाटून राह्यलो आम्ही. मंगळवारी. सेलूच्या डाकबंगल्यावर. चर्चमधी दोन शब्द सांगजा ना जी. ते टोल्यावरले लोक आमची जीप पाह्यली का जंगलात पळतात. तुमचं ऐकतात." चांगलं काम आहे, मास्तरांना वाटलं. थंडी पडू लागली होती. त्यांनी रविवारी सूचनांमध्ये सांगून टाकलं. आता या सूचनांचं असं आहे, त्या येतात अर्पण झाल्यावर आणि आशीर्वादाच्या आधी. शिवणाच्या वर्गाची वेळ बदलली, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाची तरी लोकरीची टोपी बाकावर राहिली. शहरातली मंडळी तेवढ्यात चपला शोधते, झोपलेलं पोर जागं करते, एकमेकींची साडी बघते. सूचना कोण ऐकतं! पण टोल्यावरच्या लोकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी त्या लाकडी व्यासपीठामागून जे येतं ते सगळं एकच. शास्त्र तिथून येतं, प्रार्थना तिथून येते, कांबळीही तिथूनच आली. वर्ध्यातल्या एकाही ख्रिस्त्यानं ही चूक केली नसती. जंगलूनं केली.

मास्तर बुधवारी टोल्यावर गेले. खरं म्हणजे ते आधीच जायला हवं होतं. त्या मंगळवारी काय झालं ते त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं, सेलूच्या बसमध्ये कोणीतरी कंडक्टरला सांगत होतं, जंगलू नावाचा गोंडाचा पोरगा, लग्न होऊन दोन वर्षं नाही झाली, लेकरू नाही, त्यालेबी कापलं म्हणे, नसबंदीत. मास्तर ते ऐकून खिडकीबाहेर बघत राहिले होते. पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले तेव्हा मास्तरांनी त्यांना सांगितलं. पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नव्हे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, आपण किती जण आहोत? मूठभर. तोंड उघडलं तर उद्या हे दारही बंद होईल. आपलं काम प्रार्थना. ती तर कोणी बंद नाही करू शकत?" मास्तरांनाही ते पटलं. न पटवून घेऊन सांगता कोणाला! त्याही रविवारी ती प्रार्थना झाली, त्याच्या पुढल्याही. पंचफुला नव्हती म्हणून तेव्हा काही खटकलं नाही.

टोल्यावर जंगलू आपल्या अंगणात उन्हात बसला होता, अंगावर फाटकं घोंगडं. तेच ते घोंगडं. दरवर्षी नाताळच्या नाटकात जंगलू मेंढपाळ व्हायचा, कारण अख्ख्या मंडळीत मेंढपाळाला शोभेलसं घोंगडं त्याच्याकडेच होतं. मागे ओसरीत बांबूवर नवं कांबळं टाकलेलं होतं, करडं, लाल काठाचं, घडीही मोडली नव्हती. मास्तरांना बघून तो उठू लागला, त्यांनी त्याला बसवलं. "पांघरत नाई का रे ते?" मास्तरांनी विचारलं.

"टोचते जी," जंगलू म्हणाला.

मग तो आपणहून सांगू लागला, जसं काही दुसऱ्याच्या गावाला घडलेलं सांगावं. डाकबंगल्यावर कांबळी दिलीच नाहीत, ती सगळं झाल्यावर मिळाली. जीपमध्ये बसवलं, एका शाळेत नेलं, तिथं बाकं बाहेर काढलेली, आत खाटा. "पहिले अंगठा घेतला, मंग सुई. मले वाटलं, थंडीची सुई असन. अल्लीपूरकडले मजूर होते जी तिथं, त्याईले समजलं. मागच्या खिडकीतून उड्या टाकून पळाले. मलेबी म्हणे, अबे पळ लेका, हे कापतात. मी म्हणलो, नाई बाप्पा, आमच्या मास्तरानं उपासनेत सांगतलं हाये. मास्तर खोटं नाई सांगत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मास्तर तो शोधत होते, सापडता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं. पण पोरगा नुसतं कारण सांगत होता. खिडकी उघडी होती, बाहेर तुरीचं वावर होतं, आणि एवढं तगडं पोर मास्तर खोटं सांगत नाहीत म्हणून खाटेवर बसून राहिलं होतं.

आतून पंचफुला चहा घेऊन आली. कप मास्तरांपुढे ठेवला आणि तिथंच दाराशी उभी राहिली. "मास्तर, एक विचारू?" ती म्हणाली. "तुमी म्हणता ना जी प्रार्थनेत, त्याईच्या आज्ञेत आमाले राहू दे. मी तिथं आमेन म्हणली होती. दर बखत. सगळ्याईच्या मागून, मोठ्यानं. देवानं माह्यंच ऐकलं असन काय?" "तसं नसते, पंचफुला," ते म्हणाले. "मंग कसं असते?" तिनं विचारलं. ती भांडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आता मले भेव वाटते आमेन म्हणाले," ती म्हणाली, "कशाले हाव म्हणून बसीन, काय पत्ता." मास्तर चहा न पिताच उठले. निघताना जंगलूला म्हणाले, "येजो रविवारी." कशासाठी ये, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांना बाप आठवला. दादा मिशनचे उपदेशक होते. बेचाळीसच्या सालात सेवाग्रामकडून, पवनारकडून माणसं धरून नेत होते, रोज मिरवणुका निघत, आणि दादा त्याच व्यासपीठामागे उभे राहून इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना करत. एकदा बाहेरून कोणीतरी दारावर शेणाचा गोळा मारला. दादांनी प्रार्थना पुरी केली, आमेन म्हटलं, मग बादली आणून दार धुतलं. शांतवननं पोटाशी धरून आणलेल्या केरसुणीनं त्यांना मदत केली होती. "आपण थोडे," दादा म्हणाले होते, "दिवस वाईट असले की मान खाली घालायची आणि आपल्या वाटेनं जायचं. राजा कोणताही असो." मग राजा गेला, दादांनी प्रार्थनेतून त्याचं नाव काढलं आणि तिथं राष्ट्रपती घातला. बाकी शब्दाला शब्द तेच. मास्तरांना तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, आमची प्रार्थना कोणाची बांधील नाही म्हणून. आता खिडकीच्या दांड्याला कपाळ टेकून ते विचार करत होते की मग ती कोणाच्या कामाची होती. सुबुद्धी दे, न्याय घडू दे, एवढं तर ठीकच. राज्य करणाऱ्याला त्याची गरज असतेच. पण ते शेवटचं, स्वस्थपणे राहू दे. स्वस्थपण तेवढं मास्तरांना मिळालं होतं. बाकीच्या दोन मागण्यांचं काय झालं, याचा त्यांनी कधी पाठपुरावा केला नाही. कांबळ्याचं ऐकलं तेव्हा त्यांना खरंच काही माहीत नव्हतं? शाळेच्या भिंतीवर त्रिकोण होता, शेजारचे मास्तर नसबंदीच्या केसेस मिळवायला गावोगाव हिंडत होते, टोल्यावरचे लोक जीप बघून पळतात असं ओमप्रकाशनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. काऊन पळतात रे, एवढं विचारायला काय जीभ झडली होती? माहीत नव्हतं म्हणायचं की माहीत करून घेतलं नाही म्हणायचं, हे त्यांना सेलू ते वर्धा ठरवता आलं नाही. एसटी धामच्या पुलावरून गेली, खाली बायका कपडे धूत होत्या, आणि मास्तरांना वाटलं, आपण कुठंच उतरू नये, अशीच ही गाडी जात राहावी.

शुक्रवारी ओमप्रकाश पुन्हा आला. मास्तरांच्या बायकोचं, विमलाबाईंचं, नाताळाचं फराळाचं चाललं होतं. घरभर तळणाचा वास. त्यांनी करंज्या पुढे ठेवल्या आणि आत जाऊन दाराआड उभ्या राहिल्या, त्यांना सगळं ऐकायचं असे. ओमप्रकाश पाया पडला. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली.

"मास्तर, येत्या मंगळवारी पुन्हा हाये," तो म्हणाला. "या बखत तेल आन गहू. तुमचा बडा दिन आला ना, खुश होतीन लोक. रविवारी जरा सांगजा."

"मागच्या बखत कांबळं होते, ओमप्रकाश."

"मंग भेटले ना कांबळं? झूठ थोडीच बोललो मी!"

"त्या पोराले अजून लेकरू नाई रे."

ओमप्रकाशनं तोंडाजवळ नेलेली करंजी खाली ठेवली. "मास्तर," मग म्हणाला, "मले वरून आकडा विचारतात. त्याईले त्याईच्या वरून विचारतात. मी नीट झोपलो नाई कित्येक दिस. माह्येबी लेकरं हायेत, माहीबी नौकरी हाये. मी कोणाले सांगू?" त्याचा आवाज चिरकला. मास्तरांना त्या घटकेला त्याची खरोखर कीव आली. वर्गात पाढे अडले की तो असाच रडकुंडीला यायचा. आणि मग तोच पोरगा करंजीचा भुगा बोटानं गोळा करत म्हणाला, "आन तुमच्या लोकाईचं तुमाले माहीतच हाये. बाहेरचा धर्म, बाहेरचा पैसा, लोक काईबी बोलतात. मी हाये म्हणून कोणी इकडं येत नाई. तुमच्या शाळेतल्या त्या मास्तराले नेलं, पत्ता हाये का त्याचा अजून? तुमचं नाव कोठी जाऊ नये, एवढंच पाह्यतो मी." तो उठला, पुन्हा पाया पडला. "रविवारी मी सोता येतो ऐकाले."

तो गेल्यावर विमलाबाई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या. "काय ठरवलं मंग?"

"पाह्यतो," मास्तर म्हणाले.

"पाहून पाहून डोये गेले तुमचे!" बाई कडाडल्या. "रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. म्हणे झोप नाई येत. त्या पोरीचं आमेन गेलं, तुमची झोप गेली तर कोणतं आभाळ कोसळलं?" आणि मग एकदम त्यांचा जोर गेला, त्या पाटावर बसल्या. "मले भेव नाई वाटत असं नका समजू. तुमाले नेलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहीन? पण त्या जंगलूच्या मायेनं मले मोहाच्या फुलाईची टोपली आणून देली होती, पोराच्या लग्नाची. आता ती बाजारात दिसते आन मी दुसऱ्या गल्लीनं जातो." कढईतली करंजी जळल्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत. मास्तरांनीच आत जाऊन कढई उतरवली.

शनिवारी दिवस मावळताना चर्चमध्ये नाटकाची तालीम होती. दरवर्षीचंच नाटक. पेटीवाला पुठ्ठ्याचा मुकुट घालून हेरोद राजा व्हायचा, मास्तर विमलाबाईंची शाल पांघरून म्हातारे ज्ञानी. मेंढपाळांत एक कमी होता. त्याच्या जागी स्टूल ठेवून भागवलं. पूर्वेचे ज्ञानी राजाकडे येतात, राजा त्यांना बसवतो, मान देतो. पेटीवाला या जागी आवाजात साखर घालायचा आणि सगळे हसायचे. "ज्ञानीजनहो, त्या बाळाचा शोध लागला की मलाही येऊन सांगा हं. मलाही त्याच्या पाया पडायचंय." या वर्षीही सगळे हसले. मास्तरांना मात्र त्यात ओमप्रकाश ऐकू आला. कांबळं वाटून राह्यलो, तुमचं ऐकतात, दोन शब्द सांगजा. पुढचं वाक्य त्यांना आठवेना. पेटीवाल्यानं हळूच सांगितलं तेव्हा ते म्हणाले. मग बाळाला बघून झाल्यावर ज्ञान्यांनी जायचं. पुढल्या दारात राजाचं सिंहासन, म्हणून ज्ञान्यांना व्यासपीठामागल्या ठेंगण्या दारानं बाहेर काढायची पद्धत. बाहेर नुसतं बेशरमाच्या झुडपांचं रान आणि कुत्र्यांची घाण, पायजम्याला कुसळं लागतात, अंधारात पाय मुरगळतो. वर्षानुवर्षं मास्तर त्या दारातून वाकून बाहेर पडत होते आणि कुरकुरत होते, लेकहो, हे झुडूप तरी कोणी तोडा. आपण या दारानं काऊन जातो, हे त्यांच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. राजानं सांगा म्हटलं होतं, ते बाळाला मारण्यासाठी. हेरोदही अधिकारीच होता, नेमलेला. ज्ञान्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली की नाही ते शास्त्रात नाही, केलीही असेल. पण त्याला सांगायला ते परत गेले नाहीत, दुसऱ्या वाटेनं गेले, एवढं मात्र आहे. मास्तर बेशरमाच्या झुडपात शाल धरून उभे राहिले. आतून कोणीतरी हाका मारत होतं, मास्तर, या ना जी, पुढचं घेऊ. त्यांचे गुडघे दुखत होते आणि त्यांना फार भीती वाटत होती. उद्याची, परवाची, ओमप्रकाशची, जीपची, या वयात तुरुंगातल्या फरशीवर झोपायची. आपण काही शूर माणूस नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता नव्यानं शूर व्हायला अंगात ताकदही नव्हती.

रविवारी ओमप्रकाश खरंच आला. चपला बाहेर काढून, डोक्यावर रुमाल टाकून शेवटल्या बाकावर बसला. देवळात बसावं तसा अदबीनं. मंडळीनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. जंगलू आला होता. दाराजवळ, घोंगड्यात. पंचफुला आपल्या चटईवर. टोल्यावरचे आणखीही लोक होते, नाताळ जवळ आला की ते जास्त येत. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना आली. मास्तरांनी डोळे मिटले. वगळावी असं त्यांनी पहाटे ठरवलं होतं, पण शेवटल्या बाकावरचं ते काळवंडलेलं तोंड त्यांना आठवलं आणि त्यांनी ती केली, सुबुद्धी दे, न्याय घडू दे, तिथंच थांबले. पुढलं स्वस्थपण मागितलं नाही. मंडळीला वाटलं, मास्तर विसरले. जरा गोंधळून, विस्कळीत आमेन आलं. त्याला शेपूट नव्हतं.

प्रवचनात मास्तर काय बोलले ते त्यांनाच कळलं नाही. अर्पणाची थैली फिरली. मग सूचना. बायकांनी चपला शोधायला सुरुवात केली, कोणाचं पोर जागं होऊन रडू लागलं. गाण्याच्या फेरीला बुधवारी स्टेशनापासून निघायचं, मास्तरांनी सांगितलं. नाटकाला येताना प्रत्येकानं आपापली चटई आणावी. त्यांनी व्यासपीठाची कड धरली. तिथून आजवर त्यांनी पुस्तकातलं मराठी सोडून दुसरं काही बोललेलं नव्हतं, आणि आता ते मराठी तोंडात येईचना.

"अजून एक सांगाचं हाये," ते म्हणाले. "मंगळवारी तेल आन गहू वाटतात, असं मले इथून सांगाले लावून राह्यले. ते खरं नाई. कांबळ्याच्या बखत झालं तेच तिथं होणार हाये. कोणी जाऊ नका. जीप आली तं जंगलात जा, लेकराईले घेऊन जा, दोन दिस येऊ नका. कांबळ्याचं मी सांगतलं तेबी खरं नव्हतं. हे खरं हाये. कोणी विचारलं, कोणी सांगतलं, तं माह्यं नाव सांगजा. शांतवन मास्तर."

चपला शोधणारे हात थांबले. रडणारं पोरही कसं कोण जाणे गप्प झालं. ओमप्रकाश रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत मान खाली घालून बसला होता. विमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. पेटीवाल्यानं भाता अर्धा ओढला आणि सोडून दिला. सूचनेला कोण काय म्हणतं? सूचनेला काही म्हणायचं नसतंच.

"आमेन."

मागल्या चटईवरून, एकट्या गळ्याचं, उशिरा. पहिल्यासारखं खणखणीत नव्हतं, थोडं घोगरं, बरेच दिवस न वापरलेलं. पुढं बसलेले पोट्टे तोंडावर हात ठेवून खुसखुसले, कारण सूचनेला आमेन म्हटलेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पंचफुला कोणाकडे बघत नव्हती. दाराजवळ जंगलूनं घोंगडं खांद्यावर सारखं केलं. मास्तरांनी राखून ठेवलेला श्वास हळूहळू सोडला. आशीर्वाद द्यायचा अजून राहिला होता; त्यांनी दोन्ही हात वर केले.